सावधपणाचे गणगोत

सावधपणा ही माणसाच्या जगण्यातील इतकी जुनी गरज आहे की तिच्यासाठी प्रत्येक भाषेने आपापला स्वतंत्र शब्द घडवला असेल, असे कोणालाही वाटावे. पण या शब्दांची मुळे तपासत गेले की बहुतेक ठिकाणी उसनवारीच आढळते. कुठे हा शब्द काळजातून निघालेला असतो, कुठे डोळ्यांतून, कुठे झोपेतून जागे होण्यातून, तर कुठे चक्क शोकातून. आज सावधपणा म्हटला की पाठोपाठ धोका आठवतो, आणि त्यामुळे या शब्दांच्या मुळाशी भीती असणार, असा समज सहज होतो. तो बराचसा चुकीचा आहे, आणि हे दाखवून देणारा सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे मराठीतला ‘सावधान’ हाच शब्द होय.

‘सावधान’ म्हणजे अवधानासह असलेला. ‘अवधान’ या संस्कृत शब्दात ‘अव’ हा उपसर्ग आणि ‘ठेवणे’ या अर्थाचा ‘धा’ हा धातू आहे. मन एखाद्या ठिकाणी नेऊन ठेवणे, ते तिथे स्थिर करणे, एवढाच त्याचा मूळ आशय असून त्यात संकटाचा मागमूसही नाही. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधानच मागतात, आणि ते मागणे एखाद्या दानाच्या याचनेइतके आर्जवी आहे. तेलुगू प्रदेशात याच शब्दावर एक अख्खी काव्यकला उभी राहिली. ‘अष्टावधान’ या प्रकारात आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे, एका कवीला घेरून बसतात. एक जण अमुक अक्षर वापरायचे नाही अशी अट घालत जातो, दुसरा मधूनमधून घंटा वाजवतो आणि तिचे टोल किती पडले हे कवीला शेवटी सांगावे लागते, तिसरा मुद्दाम भलतेच विषय काढून त्याचे चित्त विचलित करू पाहतो, आणि या साऱ्या गदारोळात कवीने छंदोबद्ध पद्य रचत राहायचे असते. या खेळाचा आणखी मोठा अवतार म्हणजे शतावधान. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईत त्याचा प्रयोग करून दाखवला होता. अवधानी पुरुष सावध असतो तो कोणाला घाबरून नव्हे, तर त्याचे मन एकाच वेळी अनेक जागी हजर असते म्हणून.

मराठी माणसाच्या कानी हा शब्द सर्वांत घुमून पडतो तो लग्नमंडपात, आणि तिथेही त्याचा मूळ उद्देश धाक घालण्याचा नाही. हाताशी घड्याळ नव्हते त्या काळी मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र वापरत असत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या भांड्यात सोडायची. छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते आणि वाटी भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, पूर्ण झाली असे समजायचे. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर उभे असतात, मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्यानंतर भटजी ‘सावधान’ म्हणतात, आणि नेमका क्षण येताच अंतरपाट दूर होतो. निसटू नये अशा क्षणाकडे सर्वांचे मन लागावे, यासाठी दिलेली ती हाक आहे. समर्थ रामदास लहान वयात ही हाक ऐकून बोहल्यावरून निघून गेले, या आख्यायिकेत मात्र तोच शब्द इशारा होऊन बसतो. तिचे ऐतिहासिक मोल काहीही असो, ‘इकडे मन ठेवा’ आणि ‘पुढे संकट आहे’ या दोन्ही अर्थांचे वजन तो शब्द एकाच वेळी पेलू शकतो, हे ती कथा रचणाऱ्यांनी अचूक ओळखले होते.

‘सावधान’चे आखूड झालेले रूप ‘सावध’ मराठीत आणखी एक काम करते. घेरी येऊन पडलेला माणूस डोळे उघडतो तेव्हा तो ‘सावध झाला’ असे म्हणतात. इथे सावध म्हणजे शुद्धीवर आलेला. हा अर्थ दक्षिणेतल्या भाषांना अगदी ओळखीचा वाटेल. तेलुगूत ‘जपून’ या अर्थी ‘जाग्रत्त’ म्हणतात, तमिळमध्ये ‘जाक्किरदै’, मल्याळममध्ये ‘जाग्रत’. ही सारी संस्कृत ‘जाग्रत्’ची, म्हणजे जागे असण्याची रूपे होत. कन्नडमधील ‘एच्चर’ या शब्दाचे तर जाग आणि सावधगिरी असे दोन्ही अर्थ आजही चालतात. फारसीने हीच कल्पना ‘होश’ म्हणजे शुद्ध, भान या शब्दावर उभारली आणि ‘होशियार’ असे विशेषण घडवले. मराठीत ते ‘हुशार’ होऊन आले आणि परीक्षेत पहिल्या येणाऱ्या मुलाला जाऊन चिकटले. तरी तापातून उठलेल्या माणसाला ‘आता जरा हुशारी वाटते’ असे जेव्हा म्हणावेसे वाटते, तेव्हा त्या जुन्या ‘होश’चाच अंश बोलत असतो. त्याच वाटेने आलेल्या ‘खबरदार’चा शब्दशः अर्थ बातमी बाळगणारा, म्हणजे ज्याला सारे ठाऊक आहे असा, मराठीने मात्र त्याला दरडावणीसाठी राखून ठेवले.

युरोपातील भाषांमध्ये दृष्टीचे घराणे विशेष मोठे आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये वेसूव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. तेथील ‘शोककवीचे घर’ या नावाने ओळखली जाणारी वास्तू १८२४ च्या सुमारास उत्खननात उघडी झाली. तिच्या प्रवेशमार्गाच्या फरशीवर बारीक दगडी तुकडे बसवून साखळीला बांधलेला, दात विचकणारा काळा कुत्रा चितारलेला असून खाली ‘कावे कानेम’ अशी अक्षरे आहेत: कुत्र्यापासून सावध. यातील ‘कावेरे’ या लॅटिन क्रियापदाचे मूळ भाषाशास्त्रज्ञ ‘पाहणे, जाणणे, ध्यानी घेणे’ या अर्थाच्या अतिप्राचीन धातूकडे नेतात, आणि त्याच धातूच्या वंशात जर्मन ‘शाउएन’ म्हणजे पाहणे हे क्रियापद येते, तसाच संस्कृतातला ‘कवि’ हा शब्दही येतो. वेदकाळी कवी म्हणजे पद्ये जुळवणारा नव्हे, तर इतरांना न दिसणारे पाहणारा, द्रष्टा. कुत्र्याच्या पाटीवरचा शब्द आणि ‘कवि’ एकाच कुळातले असावेत, ही गोष्ट शब्दांच्या इतिहासावर प्रेम करणाऱ्याला मोठा आनंद देणारी आहे. जर्मनांचा सावधानतेचा नेहमीचा शब्द ‘फोरझिख्त’ हा तर उघडउघड ‘पुढचे पाहणे’च आहे. रशियनमधील ‘अस्तारोझ्ना’ हा शब्द पहारेकऱ्याच्या वाचक शब्दावरून बनला असून मॉस्कोच्या मेट्रोत दारे बंद होण्यापूर्वीच्या घोषणेचा आरंभ त्यानेच होतो. मराठीने पहारा आणि डोळे यांची सांगड ‘डोळ्यांत तेल घालून’ या वाक्प्रचारात घातलेली आहेच.

अरबीने दोन निराळ्या वाटा चोखाळल्या. ‘एहतियात’ हा उर्दूतून परिचित झालेला शब्द वेढण्याच्या, भोवती कुंपण घालण्याच्या धातूपासून येतो आणि भिंतीसाठीचा अरबी शब्दही त्याच धातूचा आहे. दुसरा शब्द ‘दिक्क’ हा बारीकपणाचा वाचक असून पिठाला आणि मिनिटाला अरबीत जी नावे आहेत तीही त्याच्याच कुळातली. तुर्कांनी तो उचलून त्याचे ‘दिक्कत’ केले आणि बारकाईने पाहणे या अर्थावरून सावधगिरीच्या पाट्यांवर लावले. हिंदी-उर्दूत तोच ‘दिक्कत’ म्हणजे अडचण, कारण बारीक काम करताना अडचण येणारच. मराठीत तो पर्वा किंवा भीड या अर्थाने रुजला. म्हणून कोणाचीही दिक्कत न बाळगणारा मराठी माणूस बेधडक ठरतो.

अवयवांच्या घराण्याकडे वळले की कथा अधिक गुंतागुंतीची होते, कारण तिथे एकच शब्द सीमा ओलांडताना स्वभाव पालटतो. चिनी भाषेत ‘जपून’ या अर्थी ‘श्याओशिन्’ म्हणतात. शब्दशः ‘लहान हृदय’. प्राचीन ‘शिचिंग’ या काव्यसंग्रहात तो आदरयुक्त, विनम्र दक्षतेच्या अर्थाने आलेला आहे, म्हणजे हृदय लहान करणे हे तिथे सद्गुणाचे लक्षण होते. हीच दोन अक्षरे जपानीत ‘शोशिन्’ अशी उच्चारली जातात आणि त्यांचा अर्थ होतो भित्रेपणा. कोरियन लोक सावध असण्याला ‘जोशिम’ म्हणतात, म्हणजे ‘हृदय हाती धरणे’, आणि तेथील घरांच्या दारांवर पाँपेईसारखीच कुत्र्याची सूचना याच शब्दात लिहिलेली असते. पण त्याच अक्षरांचा चिनी उच्चार ‘त्साओशिन्’ केला की तो मनाला लागलेली चिंता दर्शवतो. जपानी भाषेने स्वतःपुरती निराळी सोय केली: ‘की ओ त्सुकेरु’, म्हणजे ‘की’ किंवा चित्त एखाद्या गोष्टीला जोडणे. रस्त्याने जाणाऱ्याला जपून जा असे सांगताना हाच प्रयोग होतो आणि कवायतीत ताठ उभे राहण्याचा हुकूमही याच शब्दांचा असतो. मराठी शाळांच्या मैदानावर ‘सावधान’ आणि ‘विश्राम’ हे हुकूम ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना हे साम्य वेगळे सांगावे लागणार नाही. चित्त नेऊन ठेवणे आणि चित्त जोडणे या दोन कल्पना परस्परांचा स्पर्शही न होता एकाच मैदानावर येऊन उभ्या राहिल्या आहेत.

इंडोनेशियात ‘जपून’ म्हणजे ‘हाती-हाती’. ‘हाती’ हा यकृताचा वाचक असून भावनांचे ठिकाण तिथे यकृतात मानले जाते. रक्त खेळवणाऱ्या हृदयाला वेगळा शब्द आहे. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. ‘काळजी’ हा शब्द ‘काळीज’शी जोडला जातो, आणि ‘काळीज’ म्हणून आज कवितेत हृदय जरी अभिप्रेत असले तरी त्याचे संस्कृत मूळ ‘कालेय’ म्हणजे यकृतच होय; मटणाच्या दुकानात काळीज मागितले की मिळते तेही यकृतच. जावा-सुमात्रा आणि महाराष्ट्र यांनी एकाच अवयवाकडे बोट दाखवावे, यात उसनवारी दिसत नाही. मन जिथे कळवळते ती जागा दोन्ही समाजांना शरीरात एकाच ठिकाणी जाणवली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. मराठीतील हा शब्द शेजाऱ्यांनाही मानवला: कन्नडमध्ये आणि गुजरातीतही ‘काळजी’ प्रचारात आहे.

राहिला शोक. इंग्रजीतला ‘केअर’ हा शब्द जुन्या काळी दुःख, विलाप या अर्थाचा होता. येशूच्या क्रूसावरील मृत्यूचा शुक्रवार जर्मनीत ‘कारफ्रायटाग’ म्हणून ओळखला जातो, त्यातला ‘कार’ हा त्याचाच भाऊबंद, आणि तिथे तो आजही विलापच सांगतो. उलट इंग्रजीत दुःखाचा वाचक असलेल्या ‘सॉरो’चे जर्मन भावंड ‘झोर्ग’ हे काळजी आणि निगा यांच्यासाठी वापरले जाते. दोन सख्ख्या भाषांनी आपापले शब्द असे अदलाबदल करून घेतले. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात, ‘केअरफुल’ होऊ नका असा उपदेश आहे, तो जपून वागू नका म्हणून नव्हे, तर चिंताक्रांत होऊ नका म्हणून. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमधील ‘कुइदादो’ हा शब्द लॅटिनमधील ‘विचार करणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आला असून विचारातून काळजी हा त्याचा प्रवास ‘चिंतन’ आणि ‘चिंता’ या जोडीशी तंतोतंत जुळतो. गोव्यात साडेचारशे वर्षे पोर्तुगीज सत्ता असूनही कोंकणीने ‘जतनाय’ हा देशी शब्द टिकवला. त्याचे मूळ ‘यत्न’, म्हणजे प्रयत्न, आणि मराठीतले ‘जतन’ त्याचेच भावंड.

मराठी बोलीत रोजच्या वापरासाठी मात्र नामांपेक्षा क्रियेवर भर आहे. ‘जपून’, ‘सांभाळून’, ‘बघून’, ‘बेतानं’, ‘हळू’ हे शब्द सावधपणा नावाच्या गुणाविषयी काही सांगत नाहीत, समोरचे काम कसे करायचे ते सांगतात. यातला ‘हळू’ तर संस्कृत ‘लघु’मधील अक्षरांची उलटापालट होऊन बनलेला, म्हणजे अंगाने हलका. काचेचे सामान उतरवणारा हमाल, कळशी घेऊन ओल्या पायरीवर पाय ठेवणारी बाई आणि पाळण्यातून मूल उचलणारी आजी यांना पुरेल एवढे नेमके शहाणपण त्या दोन अक्षरांत आहे.

व्याकरणाने घातलेली एक बारीक सीमारेषा मराठीच्या बाजूने नोंदवण्याजोगी आहे. इंग्रजीला शोक आणि निगा यांची फारकत व्हायला शतके लागली आणि त्यासाठी जुना अर्थ सोडावा लागला. मराठीने ‘काळजी’चे दोन्ही अर्थ ठेवून घेतले आणि त्यांची वाटणी क्रियापदांवर सोपवली: काळजी ‘करणे’ म्हणजे मनाला लावून घेणे, काळजी ‘घेणे’ म्हणजे निगा राखणे, आणि काळजी ‘वाटणे’ या दोहोंच्या अलीकडचे. मराठी शिकू पाहणाऱ्या परप्रांतीयाची इथे हटकून फसगत होते. मराठी घरात वाढलेले पाच वर्षांचे मूल मात्र, परगावी निघालेल्या माणसाला आई ‘काळजी घे’ आणि ‘इकडची काळजी करू नकोस’ असे एका दमात सांगते तेव्हा, त्यातले घ्यायचे काय आणि करायचे नाही ते काय, हे न शिकवता ओळखते.