फळांचे ‘लेदर’, बुरशीचे ‘लेदर’: मातीत खरोखर काय मिसळते आणि कष्टाचे मोल कोणाला मिळते?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्या तयार होतात. त्यांच्या सीट आणि सीट कव्हरचे कामही इथेच चालते. आपल्या वस्त्यांमधील अनेक तरुण या कटिंग, शिलाई आणि फिटिंगच्या कामावर आहेत. रेक्झिन हा त्यांच्या हातातला रोजचा माल. आता त्याच्या जोडीला ‘व्हीगन लेदर’, ‘फळांचे लेदर’ असे शब्द बाजारात आले आहेत. ही वस्तू नेमकी काय आहे आणि तिच्याकडे आपण कसे पाहावे, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत.

रेक्झिन आणि ‘व्हीगन लेदर’

रेक्झिन म्हणजे कापडाच्या अस्तरावर चढवलेला प्लास्टिकचा थर. हे प्लास्टिक पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन, म्हणजेच पीयू असते. ते मातीत कुजत नाही. पीव्हीसी जाळले तर आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत जातात. कुदळवाडी-चिखलीच्या भंगार गोदामांना लागलेल्या आगी ज्यांनी पाहिल्या, त्यांना हा काळा धूर वेगळा सांगायला नको. ‘व्हीगन लेदर’ म्हणून विकला जाणारा बराचसा माल हेच रेक्झिन असते. त्यात जनावराचे कातडे नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ.

दुसरीकडे, जगातले बहुतेक चामडे आज क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. त्याचे सांडपाणी नदीला आणि कामगाराच्या त्वचेला घातक ठरते. म्हणून तिसऱ्या पर्यायाचा शोध सुरू झाला.

टाकाऊपासून लेदर कसे बनते?

याचे मुख्य तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तंतूंचा आणि लगद्याचा. कार्मेन इहोसा यांनी फिलिपिन्समधील अननसाच्या पानांच्या तंतूपासून ‘पिन्याटेक्स’ तयार केले. इटलीत ‘वेजिया’ वाइन काढून उरलेल्या द्राक्षाच्या चोथ्यापासून बनते. कोलकात्याची ‘बनोफी’ कंपनी केळीचा घड कापल्यावर उरणाऱ्या खोडाचे तंतू वापरते. तिला २०२३ मध्ये हल्ट प्राइझ मिळाले. जळगावची केळी, नाशिकची द्राक्षे आणि जुन्नर-नारायणगावचे टोमॅटो आठवा, म्हणजे आपल्याकडे कच्चा माल किती जवळ आहे हे लक्षात येईल.

दुसरा मार्ग जिवाणूंचा. नारळाच्या पाण्यात ठराविक जिवाणू वाढवले की पृष्ठभागावर सेल्युलोजची जाड साय धरते. केरळमधील ‘मलाई’ या सायीत केळी आणि तागासारखे तंतू मिसळून ताव तयार करते. हा ताव मऊ ठेवणे आणि पाण्यापासून वाचवणे हेच यातले अवघड काम.

तिसरा मार्ग बुरशीचा. कानपूरच्या ‘फूल’ संस्थेने देवळांतील निर्माल्यावर बुरशीचे जाळे वाढवून ‘फ्लेदर’ तयार केले. पिंपरीकरांना बुरशीचे तंत्र परके नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे आपल्या एच.ए. कंपनीत, टाक्यांमध्ये बुरशी वाढवूनच पेनिसिलिन काढले जाई. १४ एप्रिलला पिंपरी चौकात आणि २५ डिसेंबरला देहूरोडच्या बुद्धविहारात जमणाऱ्या फुलांचे पुढे काय होते, हा प्रश्नही आपण विचारला पाहिजे.

मग अडते कुठे?

अडते ते चिकटवणाऱ्या द्रव्यावर आणि वरच्या थरावर. तंतू किंवा चोथा नैसर्गिक असला तरी त्याला मजबुती आणि चमक देण्यासाठी बहुतेक ठिकाणी पीयू वापरले जाते. पिन्याटेक्सच्या मूळ थरात अननसाच्या तंतूबरोबर पीएलए हे वनस्पतीजन्य प्लास्टिक असते. तेही घरामागच्या खड्ड्यात सहज कुजत नाही, त्याला औद्योगिक कंपोस्टची उष्णता लागते. जर्मनीतील फ्रायबर्गच्या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये अशा अनेक पर्यायांची चामड्याशी तुलना केली. ताकद, घाम बाहेर जाऊ देणे आणि टिकाऊपणा या सर्व कसोट्यांवर एकही पर्याय चामड्याच्या बरोबरीला आला नाही. अमेरिकेत गाजलेल्या ‘मायलो’ या बुरशीच्या लेदरचे उत्पादन २०२३ मध्ये पैशांअभावी थांबवावे लागले.

म्हणून माल घेताना किंवा त्यावर काम करताना तीन प्रश्न विचारावेत. नैसर्गिक भाग किती टक्के? वरचा थर कशाचा? कुजण्याची चाचणी कोणत्या मानकानुसार झाली, आणि ती मूळ थराची झाली की तयार वस्तूची? ‘इको-फ्रेंडली’ हे या प्रश्नांचे उत्तर नव्हे.

कातडे, जात आणि नवा उद्योग

आपल्या समाजासाठी हा केवळ पर्यावरणाचा विषय नाही. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले. मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती झुगारणे हा पुढे आत्मसन्मानाचा लढा झाला. २०१६ मध्ये उना येथे मृत गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना मारहाण झाली आणि २०१८ मध्ये त्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला. घाणीचे काम आणि अपमान एकाच्या वाट्याला, नफा दुसऱ्याच्या, ही जुनी वाटणी आहे. कारखान्यात कातड्याऐवजी केळीचे खोड आले म्हणून ती आपोआप बदलणार नाही.

२०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर धारावीतील चर्मकारांचे काम घटले. तेव्हा सुधीर राजभर यांनी ‘चमार स्टुडिओ’ उभा केला आणि कारागिरांना टाकाऊ रबराच्या ‘लेदर’वर काम दिले. रबर मातीत मिसळत नाही, पण शिवी म्हणून वापरलेले नाव तिथे सन्मानाने ब्रँड झाले. याउलट जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा कारागिरांचा उल्लेखही नव्हता. ती कोल्हापुरी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेल्या कातड्याची आहे. क्रोमियमशिवाय चालणारे हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे, त्यांना ‘नैसर्गिक लेदर’चे धडे शहाजोगपणे देण्याचे कारण नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. नवे साहित्य येऊ द्यावे, पण त्यात आपला तरुण फक्त शिलाईच्या मशीनवर राहू नये. जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र आणि डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनी या विषयावर प्रकल्प करावेत. आयटीआयमध्ये या साहित्यावरील प्रशिक्षणाची मागणी करावी. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाने कारागिरांच्या सहकारी संस्थांना या कामासाठी भांडवल द्यावे, असा पाठपुरावा संघटनांनी करावा. महापालिकेकडे फुलांचा आणि मंडईतला कचरा वेगळा ठेवण्याचा आग्रह धरावा. कच्चा माल आपल्या गावातला आहे आणि हातही आपलेच आहेत. मालकीतही वाटा मागायला आताच सुरुवात केली पाहिजे.