नामे कोणी नाही

पुसदने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव असे दोन नाईक मुख्यमंत्री दिले. त्यामुळे राज्य कसे चालते, हे पुसदकराला शिकवावे लागत नाही. पण सर्व्हरवर स्क्रिप्ट कशी चालते, हे विचारा, सगळे गप्प! वेबसाइटसाठी भाड्याची जागा घेताना लोक जागा किती अन् भाडं किती, एवढंच बघतात. अहो, खानावळ लावताना आपण टेबलं मोजतो की स्वयंपाकघर बघतो?

या स्वयंपाकघराचा इतिहास मौजेचा आहे. मागणीबरहुकूम ताजं पान तयार करते ती स्क्रिप्ट. १९९३ साली अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेत त्यासाठी 'सीजीआय' ही रीत निघाली. गिऱ्हाईक आलं की नवा आचारी बोलवायचा. त्याने चूल पेटवायची, एक ताट करायचं आणि घरी जायचं. पुढचं गिऱ्हाईक, पुढचा आचारी! गर्दी झाली की नुसता धूर. पुढे 'फास्टसीजीआय'ने आचाऱ्याला बसवून ठेवलं.

इकडे रासमुस लेरडॉर्फ नावाच्या गृहस्थांना, आपला बायोडेटा कोण कोण बघून जातं, याची उपवर मुलासारखी उत्सुकता होती. त्या खटपटीतून पीएचपी जन्मली आणि १९९५ साली जगापुढे आली. मग ती 'अपाची' सर्व्हरच्या पोटातच बसवली. वाढपीच आचारी! काम झटपट, पण एका वाड्यात शेकडो बिऱ्हाडं, आणि सगळ्यांच्या स्क्रिप्टा एकाच नावाने चालायच्या. अनेक ठिकाणी ते नाव होतं 'नोबडी', म्हणजे 'कोणी नाही'! एकाची स्क्रिप्ट शेजाऱ्याच्या फडताळात डोकावू शके. डोकावलं कोण? कोणी नाही!

अपाचीने १९९७ साली 'सूएक्झेक' आणून सीजीआयच्या स्क्रिप्टा मालकाच्या नावाने चालवायची सोय केली. २०१० साली पीएचपीतच 'एफपीएम' आलं: आचारी बसलेला, आणि हवा तर ज्याचा त्याचा वेगळा.

आमच्या भाच्याने इथल्या एका वाचनालयासाठी तीन होस्टिंगवाल्यांना विचारलं, "आमची स्क्रिप्ट कोणाच्या नावाने चालेल?"

पहिला म्हणाला, "सर, सगळं अनलिमिटेड!" दुसऱ्याने फोन ठेवला. तिसरा म्हणाला, "तुमच्याच खात्याच्या नावाने, एफपीएमवर." तो महाग होता. कार्यकारिणी कुरकुरली, पण यादीत सभासदांचे पत्ते होते, फोन होते, आणि थकलेल्या वर्गण्याही. शेवटच्या मुद्द्यावर एकमत झालं!

ठरावाखाली सूचकाचं नाव आहे, अनुमोदकाचंही आहे. स्क्रिप्टलाही असावं, एवढंच म्हणणं.