‘संक्षारक’ या संज्ञेचा प्रवास : विमानवाहतुकीतील मिश्रणांच्या वर्गीकरणाचा इतिहास

पारिभाषिक संज्ञेचा इतिहास म्हणजे केवळ तिच्या व्युत्पत्तीचा इतिहास नव्हे. तिची व्याख्या कोणी केली, कोणत्या प्रयोजनासाठी केली, आणि ती चुकीची लावली गेली तेव्हा त्याचे फळ कोणाच्या पदरी पडले, हेही त्या इतिहासाचे अंगच होय. ‘संक्षारक’ ही संज्ञा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिच्या इंग्रजी प्रतिशब्दाच्या मुळाशी ‘कुरतडणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘तेजाब’ या शब्दाचा अर्थ ‘तीक्ष्ण पाणी’ एवढाच आहे. दोन्ही शब्द गुण सांगतात, मात्रा सांगत नाहीत. नित्याच्या व्यवहाराला तेवढे पुरते. परंतु ज्या वाहनाची काया बव्हंशी ॲल्युमिनियमची, आणि ज्यातून गळती दिसताच उतरून दूर जाता येत नाही, त्यात असा द्रव ठेवताना मात्रेवाचून चालत नाही.

आरंभी यासाठी यादीचा मार्ग अवलंबिला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने १९५३ साली धोकादायक मालाच्या वाहतुकीसंबंधी तज्ज्ञसमितीचा ठराव केला आणि १९५६ साली तिच्या पहिल्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने निर्बंधित वस्तूंविषयीची आपली पहिली नियमावली काढली. यादीत ज्याचे नाव आहे त्याचा धोका ठाऊक, असे या पद्धतीचे गृहीतक. पण मिश्रणांपुढे ते डळमळते. एक भाग नायट्रिक व तीन भाग हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून होणाऱ्या अम्लराजाचे उदाहरण घ्यावे. ही आम्ले एकेकटी सोन्यावर निष्प्रभ ठरतात. एकत्र येताच सोने विरघळते. या मिश्रणाला यादीत स्वतःचे नाव आणि १७९८ हा क्रमांक मिळाला. असे भाग्य फार थोड्या मिश्रणांचे. बाकीची असंख्य मिश्रणे ‘संक्षारक द्रव, अन्यथा अनुल्लिखित’ अशा एखाद्या समावेशक नोंदीत जमा होतात. म्हणजे नाव आले, तरी बोध आलाच असे नाही.

नाव, वेष्टन आणि नियम यांची फारकत झाली म्हणजे काय होते, हे ३ नोव्हेंबर १९७३ रोजी दिसून आले. न्यूयॉर्कहून स्कॉटलंडमधील प्रेस्टविककडे निघालेले पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ मालवाहू विमान धुराने भरू लागल्यामुळे बोस्टनकडे वळले आणि तेथील लोगन विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले. तिघेही कर्मचारी मृत्युमुखी पडले. विमानात नायट्रिक आम्लाच्या बाटल्या होत्या आणि त्यांभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता. गळालेले आम्ल व भुसा यांच्या रासायनिक प्रक्रियेतून धूर उत्पन्न झाला असावा, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे मत पडले. मंडळाचा दुसरा निष्कर्ष भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. नियम अस्तित्वात होते. परंतु ते इतके गुंतागुंतीचे होते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना इतके अपरिचित होते, की त्यांचे पालन सर्रास होत नव्हते.

यानंतर नियमांची फेरमांडणी झाली. अमेरिकेत जानेवारी १९७५ मध्ये धोकादायक मालाच्या वाहतुकीचा कायदा आला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९८१ साली शिकागो करारनाम्याचे अठरावे परिशिष्ट स्वीकारले, आणि त्याला जोडलेल्या तांत्रिक सूचना १ जानेवारी १९८३ पासून अमलात आल्या. आठव्या वर्गाच्या, म्हणजे संक्षारक पदार्थांच्या, व्याख्येत आता काळ हे माप आहे. ३ मिनिटांपर्यंतच्या स्पर्शाने त्वचेचा पूर्ण जाडीचा नाश ६० मिनिटांच्या निरीक्षणात दिसला, तर पहिला वेष्टनगट. स्पर्श ३ मिनिटांहून अधिक पण ६० मिनिटांपर्यंत असेल तर दुसरा. ६० मिनिटांहून अधिक पण ४ तासांपर्यंत असेल तर तिसरा. या दोन गटांसाठी निरीक्षणाची मर्यादा १४ दिवसांची आहे. शिवाय ५५ अंश सेल्सियसला पोलाद वा ॲल्युमिनियम वर्षाला ६.२५ मिलिमीटरहून अधिक वेगाने झिजवणारा पदार्थही तिसऱ्या गटात येतो. पारा त्वचेला जाळत नाही, तरी तो याच वर्गात आहे. कारण तो ॲल्युमिनियम खातो. येथे ‘कुरतडणे’ हा मूळ धात्वर्थ जणू परत आला.

परंतु प्रत्येक मिश्रणाची चाचणी करणे शक्य नव्हते. पूर्वी ती सशांच्या त्वचेवर होत असे. २००४ व २००६ साली प्राण्यांवाचून करावयाच्या चाचण्यांना आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नमुना-नियमांच्या २०१७ च्या विसाव्या आवृत्तीने मिश्रणांसाठी अनुमानाचे दोन मार्ग दिले, आणि २०१९ पासून ते विमानवाहतुकीतही आले. पहिला सेतुतत्त्वांचा : चाचणी झालेल्या मिश्रणात निरुपद्रवी द्रव घालून ते विरल केले, तर नव्या मिश्रणाला जुनाच गट देता येतो. दुसरा गणनेचा : घटकांची प्रमाणे ठरावीक मर्यादांशी ताडून पाहावयाची. गणनेमागे मात्र एक गृहीतक आहे, ते म्हणजे घटकांचे परिणाम एकमेकांत मिळवता येतात. अम्लराजाने शिकवलेला धडा याच्या नेमका उलट आहे. म्हणून गणना हा रसायनज्ञाच्या विवेकाला पर्याय नव्हे.

तात्पर्य, नावाकडून चाचणीकडे आणि चाचणीकडून अनुमानाकडे असा या वर्गीकरणाचा प्रवास झाला. प्रत्येक टप्प्यावर व्याख्या अधिक काटेकोर झाली, पण ती लावणाऱ्याचे ओझेही वाढले. भारताने २००३ साली धोकादायक मालाच्या विमानवाहतुकीचे स्वतंत्र नियम केले, त्यांतही मालाचे वर्गीकरण करून घोषणापत्रावर सही करण्याचे दायित्व माल पाठवणाऱ्यावरच ठेवले. व्याख्या समितीच्या दालनात घडते. ती वाचतो मात्र गोदामात पेटी बांधणारा माणूस. त्याला न कळणारी संज्ञा कितीही शास्त्रशुद्ध असली तरी ती अपुरीच म्हटली पाहिजे. मराठीत परिभाषा घडविणाऱ्यांनी हा निकष आपल्या कामालाही लावून पाहावा.