शाळेतील वाचन कोणी निवडावे?

शालेय वाचनाचा इतिहास हा वस्तुतः निवडीच्या अधिकाराचा इतिहास होय, असे आम्हांस वाटते. इ.स. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते निघाले आणि मेजर थॉमस कँडी ह्यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके सिद्ध झाली. भाषेस त्यांनी एकरूपता दिली. परंतु धडे निवडणारा हात सरकारी होता. पुढे आचार्य अत्रे ह्यांनी ‘नवयुग वाचनमाले’त मुलांच्या आवडीस मान दिला. १९६७ साली पुण्यात ‘बालभारती’ स्थापन झाली, व निवड पुनः एका मंडळाकडे गेली. त्यायोगे पुस्तक खेडोपाडी पोहोचले, हा उपकार लहान नव्हे. तथापि सोलापुरानजीक चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत पोटासाठी आलेल्या ज्या कुटुंबाजवळ क्रमिक पुस्तकावाचून दुसरे पुस्तकच नसेल, तेथील मुलाची वाचनाची गोडी त्या एका पुस्तकावर कशी सोपवावी? त्याच जिल्ह्यात परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकास क्यूआर कोड जोडून पुस्तकाबाहेरचे साहित्य वर्गात आणले. मंडळाने पाया घालावा. त्यावरील वाचन मात्र मुलास ओळखणाऱ्या शिक्षकानेच निवडावे, हे ह्या इतिहासाचे तात्पर्य होय.