शब्दवेध : कॅश

फोनची जागा भरत आली की ‘कॅश साफ करा’ हा पर्याय आपण शोधू लागतो. या कॅशचा रोकड रकमेशी संबंध नाही. पैशांची कॅश लॅटिन ‘काप्सा’, म्हणजे पेटी, या शब्दाच्या कुळातली. ही कॅश फ्रेंच ‘काशे’, म्हणजे लपवणे, या क्रियापदापासून आलेली. उत्तर अमेरिकेच्या रानांत फिरणारे फ्रेंचभाषक शिकारी शिधा आणि कातडी खड्ड्यात दडवून पुढे जात. त्या गुप्त साठ्याचे हे नाव.

१९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या संगणकात प्रोसेसरजवळ छोटी, वेगवान मेमरी बसवली गेली. ती प्रोग्रामरच्या नजरेआड राहून काम करी, म्हणून हा शब्द तिला चपखल बसला.

फोनमधली कॅशही तसाच हाताशी ठेवलेला साठा. एकदा पाहिलेले फोटो, व्हिडिओचे तुकडे ॲप बाजूला ठेवते. पुन्हा मागवायचा वेळ आणि नेटचा खर्च वाचतो. म्हणून ती रोज पुसण्यात फायदा नाही. जागा खरोखर अडली, तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सर्वाधिक जागा खाणारे ॲप शोधून तेवढ्याचीच कॅश काढावी. मात्र शेजारच्या ‘डेटा साफ करा’ला हात लावण्याआधी थांबा. कॅश पुन्हा भरते. पण डेटा पुसला की लॉगिन, सेटिंग्ज आणि फक्त त्या ॲपमध्येच असलेल्या नोंदी जातात. घरातल्या थोरामोठ्यांना हा फरक आवर्जून समजावून सांगायला हवा.