वृद्धांची शुश्रूषा : एका इस्पितळाचा इतिहास

घरांतील वडील माणूस अंथरुणास खिळलें म्हणजे कुटुंबांत बहुधा एकच वाद सुरू होतो : त्यांस घरींच ठेवावें कीं वृद्धाश्रमांत न्यावें? मुलगा एक म्हणतो, लेक दुसरें म्हणते, आणि जिच्या मनगटांवर सर्व भार पडावयाचा ती सून पुष्कळदां कांहींच बोलत नाहीं. हा वाद निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्याच्या आधीं विचारावयाचा एक प्रश्न राहून जातो, आणि तो राहिल्यानें केवढा अनर्थ होतो हें इंग्लंडांतील एका इस्पितळाच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

इंग्लंडांत निराधार वृद्धांचा भार दीर्घकाल गरिबांच्या कायद्यावर होता. १८३४ च्या सुधारणेनें 'वर्कहाऊस' ही संस्था देशभर पसरली. आंतील जिणें बाहेरच्या अत्यंत दरिद्री मजुराच्या जिण्याहूनहि कष्टाचें असावें, म्हणजे आळशी लोक आश्रय मागावयास येणार नाहींत, हें तिचें तत्त्व. आळशांस धाक घालण्यासाठीं योजलेली ही व्यवस्था वृद्धांच्याहि वांट्यास आली. तेथें नवराबायकोंस निरनिराळें ठेवीत. ६० वर्षांवरील जोडप्यास एकत्र राहतां यावें एवढी सवलत होण्यास १८४७ साल उजाडावें लागलें. पुढें १९०९ पासून ७० वर्षांवरील गरिबांस आठवड्यास ५ शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळूं लागलें, व अनेक वृद्ध आपल्या घरीं मानानें राहूं शकले. पण ज्यांस उठतां येत नव्हतें त्यांचा प्रश्न केवळ पैशानें सुटणारा नव्हता. ते वर्कहाऊसच्या दवाखान्यांत खाटेवर पडून राहिले.

१९३५ सालीं लंडनच्या पश्चिमेकडील वेस्ट मिडलसेक्स इस्पितळानें शेजारचा असाच एक जुना दवाखाना आपल्याकडे घेतला. तेथील ७०० हून अधिक खाटांची जबाबदारी डॉ. मार्जरी वॉरेन ह्या बाईंकडे आली. त्यांस तेथें जें दिसलें तें कोणासहि खिन्न करणारें होतें. पक्षाघातानें लुळे पडलेले, बुद्धिभ्रंश झालेले, आणि ज्यांस केवळ जावयास दुसरें ठिकाण नव्हतें असे, सर्व एकत्र पडलेले. 'जुनाट रोगी' हें एक नांव सर्वांस देऊन वैद्यकशास्त्र मोकळें झालें होतें. ज्याचें निदानच करावयाचें नाहीं, त्यास बरें तरी कोण करणार?

वॉरेनबाईंनीं एक अगदीं साधी गोष्ट केली. त्यांनीं प्रत्येक रोग्यास नीट तपासलें. ह्यास काय झालें आहे, ह्यांतलें बरें होण्यासारखें किती, आणि ह्यास कशाची गरज आहे, असे प्रश्न एकेका माणसाविषयीं विचारले व त्याप्रमाणें रोग्यांची वर्गवारी केली. भिंतींस उजळ रंग दिला, धरून चालण्यासाठीं कठडे बसविले, बसावयास योग्य खुर्च्या आणविल्या. परिचारिका, व्यायामोपचार करणारे, आणि घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे कार्यकर्ते ह्यांस एका कामास जुंपलें. परिणाम असा झाला कीं, कायमचे अंथरुणास खिळलेले म्हणून ज्यांची आशा सोडली होती त्यांतील कित्येक उठून बसले, चालूं लागले, आणि कांहीं तर स्वगृहीं परतले. खाटेवर पडून राहणें हा नेहमींच रोगाचा परिणाम नसतो. कित्येकदां तें स्वतःच रोगाचें कारण होतें. सांधे आखडतात, स्नायू झिजतात, पाठीस जखमा पडतात, मन विझतें.

हे अनुभव त्यांनीं १९४३ व १९४६ सालीं लेखरूपानें प्रसिद्ध केले. १९४७ सालीं वृद्धांच्या शुश्रूषेसाठीं डॉक्टरांची एक स्वतंत्र संस्था इंग्लंडांत निघाली, आणि वार्धक्यवैद्यक ही वैद्यकाची निराळी शाखा म्हणून रुजली. आपल्या देशांत तिचा पहिला मान मद्रासेस मिळाला. तेथील सरकारी इस्पितळांत १९७८ सालीं वृद्धांसाठीं स्वतंत्र विभाग सुरू झाला.

आतां आपल्या घराकडे वळूं. पुण्यास डेव्हिड ससून ह्यांच्या नांवानें चालत आलेली एक जुनी संस्था आहे. तिच्या मूळ नांवांत 'अनाथ' व 'पंगु' हे दोन्ही शब्द जोडून आलेले आहेत. आज लोक तिला 'निवारा' म्हणून ओळखतात. परसंस्थेचा आश्रय हा अनाथांसाठीं, आणि ज्यांस मुलेंबाळें आहेत त्यांची जागा घरांत, ही आपली समजूत जुनी आहे व तींत मायाहि आहे. २००७ च्या कायद्यानें आईबापांच्या पोषणाचें कर्तव्य मुलांवर घातलें, व शक्य तेथवर सरकारी इस्पितळांत वृद्धांसाठीं खाटांची तरतूद करावी असेंहि सांगितलें. हें सर्व इष्टच आहे. तथापि कायदा पोटगी देववील. आईला चालतां कां येईनासें झालें हें तो सांगणार नाहीं.

आणि येथेंच आपलें प्रेम फसतें. आजीस उठूं द्यावयाचें नाहीं, घांस भरवावयाचा, पाण्याचा पेला हातीं द्यावयाचा, ह्यास आपण सेवा म्हणतों. 'आतां वय झालें' ह्या तीन शब्दांत तिचें दुखणें, तिची कमी झालेली दृष्टि, तिचें औदासीन्य, सर्व गुंडाळून ठेवतों. वर्कहाऊसांत जें अनास्थेनें होत होतें, तेंच आपल्या घरीं मायेनें होतें; अंथरूण मात्र दोन्हीकडे सारखेंच असतें.

म्हणून घर कीं आश्रम हा निर्णय करण्यापूर्वीं, आम्हांस वाटतें, चार गोष्टी समजून घ्याव्या. जाणत्या वैद्याकडून पूर्ण तपासणी झाली आहे काय? त्या माणसास स्वतः काय करतां येतें, आणि थोड्या साहाय्यानें काय करतां येईल? जी बाई रात्रंदिवस शुश्रूषा करणार तिला विसांवा कोण देणार? आणि शेवटीं, ज्याच्याविषयीं हा खल चालला आहे त्यासच कोणी विचारलें आहे काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावर कोणा घरांत आई घरींच राहील, कोणा घरांतून ती अन्यत्र जाईल. दोहोंपैकीं कोणत्याहि निर्णयानें मुलांस मान खालीं घालावी लागणार नाहीं. न तपासतां, न विचारतां तिला एका खाटेवर निजवून ठेवणें, मग ती खाट माजघरांतील असो कीं आश्रमांतील, ही मात्र शुश्रूषा नव्हे.