चुंबकीय पदार्थ : नाणी आणि भांडी
वस्तूत लोखंड किती, यावर तिचे चुंबकत्व ठरते ही समजूत अपुरी आहे. निर्णायक ठरते अणूंची मांडणी. मुंबईच्या फोर्टमधील टांकसाळीत पाडलेली नाणी हाती घेतली, तरी हे उघड होते. १९५० साली आलेले निकेलचे रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटते. १९७५ नंतरचे, तीन भाग तांबे आणि एक भाग निकेल असलेले नाणे चिकटत नाही. निकेलच्या शुद्ध स्फटिकात शेजारच्या अणूंची सूक्ष्म चुंबकत्वे आपोआप एका दिशेने वळतात. तांबे इतके मिसळले की ही साथ नेहमीच्या तापमानात टिकत नाही. १९९२ पासूनचे, लोखंड आणि क्रोमियमच्या पोलादाचे रुपयाचे नाणे मात्र पुन्हा चिकटते.

यावर आक्षेप येतो की भांडे चुंबकाला चिकटले तर स्टील हलके. भुलेश्वर-गिरगावच्या बाजारात आजही ही परीक्षा चालते. पण गंजापासून राखते ते क्रोमियम, आणि ते चिकटणाऱ्या स्टीलमध्येही असते. सुमारे ८ टक्के निकेल घातलेल्या स्टीलमध्ये लोखंड जवळपास ७० टक्के असूनही स्फटिकरचना बदलते आणि ओढ नाहीशी होते. अशाच स्टीलच्या डब्याच्या दुमडलेल्या काठाशी चुंबक किंचित अडखळतो, कारण थंड पत्रा ताणताना तिथली रचना पालटलेली असते. म्हणजे चुंबक स्टीलची जात सुचवतो, त्याचा कस सांगत नाही. तांबे-पितळेला तर तो धरतच नाही.